ऑर्डर शीटवरचे ‘डेली’ आणि रुग्णाचे रक्त

संपादक महोदय,

रुग्ण दोन दिवस स्थिर आहे. ताप उतरला आहे, जेवण सुरू झाले आहे, औषधांत बदल नाही. तरी तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला सिस्टर पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), केएफटी (मूत्रपिंडाच्या तपासण्या), एलएफटी (यकृताच्या तपासण्या), इलेक्ट्रोलाइट्स (सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार) आणि सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) यांसाठी रक्ताचे बल्ब, म्हणजे नमुन्याच्या नळ्या, भरतात. दाखल करताना कोणीतरी ऑर्डर शीटवर या सर्वांपुढे ‘डेली’ लिहिलेले असते आणि ते खोडणे हे कोणाचेच काम नसते. अनावश्यक तपासण्यांचा विषय निघाला की चर्चा बिलाकडे वळते. ती रास्तच आहे, पण या पत्रात आम्हाला ती करायची नाही. तपासण्या उद्या फुकट झाल्या तरी त्यांच्यामुळे रुग्णाच्या शरीराचे व्हायचे ते नुकसान होतेच. त्यावरचा उपाय डॉक्टरांना उपदेश करण्यात नाही, ऑर्डर लिहिण्याची पद्धत बदलण्यात आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी रक्ताचा हिशेब. प्रौढ रुग्णाच्या एका सकाळच्या तपासण्यांसाठी जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) बल्बमध्ये साधारण ३ मिली, प्लेन किंवा जेल बल्बमध्ये ४ ते ५ मिली आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) सांगितला असेल तर निळ्या सायट्रेट बल्बमध्ये २.७ मिली रक्त जाते. एका वेळी दहा मिली धरा. आयसीयूत आर्टेरियल लाइन (धमनीत बसवलेली नळी) असली की सुई टोचावी लागत नाही, त्यामुळे हात सैल सुटतो. शिवाय लाइनमधले सलाईनमिश्रित पहिले काही मिली रक्त दर वेळी फेकून द्यावे लागते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम युरोपातील आयसीयूंच्या एका मोठ्या पाहणीत केवळ तपासण्यांसाठी दर रुग्णामागे दिवसाला सरासरी ४१ मिली रक्त काढले जात असल्याचे दिसले. आठवड्याचे होते जवळपास २९० मिली.

हे रक्त आपोआप भरून निघते असे सगळे धरून चालतात. निरोगी माणसाचे निघते. दाखल रुग्णाचे का निघत नाही, ते लोहाच्या हिशेबातून कळते. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. ज्याचे हिमोग्लोबिन १२ आहे अशा रुग्णाचे १० मिली रक्त काढले, तर १.२ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे सुमारे ४ मिलिग्रॅम लोह गेले. निरोगी माणूस आहारातून दिवसाला १ ते २ मिलिग्रॅमच लोह शोषतो. आजारी माणसाच्या बाबतीत तेवढेही होत नाही. शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त बनवते आणि ते आतड्यातून येणारे लोहही अडवते, साठ्यातले लोहही बाहेर सोडू देत नाही. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर नव्या रक्तपेशी बनवण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपॉयटिनही कमी पडते. त्यात रुग्ण दोन दिवस तोंडाने काही घेत नसेल, तर बोलायलाच नको.

टोरांटोतील एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डातील रुग्णांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तपासणीसाठी काढलेल्या दर १०० मिली रक्तामागे हिमोग्लोबिन सरासरी ०.७ ग्रॅमने उतरलेले आढळले. अमेरिकेतील ५७ रुग्णालयांमधल्या हृदयविकाराच्या झटक्याच्या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी २०११ साली तपासल्या गेल्या. दाखल होताना ॲनिमिया नसलेल्या या रुग्णांपैकी २० टक्के जणांना रुग्णालयातच मध्यम ते तीव्र ॲनिमिया झाला होता आणि काढलेल्या दर ५० मिली रक्तामागे तो होण्याचा धोका १८ टक्क्यांनी वाढत होता. जो जास्त आजारी, त्याचे रक्तही जास्त काढले जाते. त्यामुळे सगळा दोष सुईवर टाकता येणार नाही, हेही सांगायला हवे. पण वरचा लोहाचा हिशेब पाहिल्यावर सुई अगदीच निर्दोष आहे असेही म्हणवत नाही. आणि एकदा का हिमोग्लोबिन उतरले, की ते का उतरले हे शोधण्यासाठी दिवसातून दोनदा सीबीसी, आयर्न स्टडीज, बी-१२, शौचाची तपासणी, कधी एंडोस्कोपीसुद्धा! रक्त काढून झालेल्या ॲनिमियाचा शोध आणखी रक्त काढून घेतला जातो.

नवजात बाळाच्या बाबतीत हे गणित जास्त निष्ठुर आहे. एक किलो वजनाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ९० मिलीच्या आसपास रक्त असते. त्यातले २ मिली काढणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे ९० मिलीहून जास्त काढणे. अशा बाळांना पुढे जे रक्त चढवावे लागते, त्यातले पुष्कळसे आपणच काढलेले परत देणे असते.

गंमत अशी की एवढे रक्त यंत्राला लागतच नाही. सीबीसीचे यंत्र बल्बमधले पाव मिलीसुद्धा ओढत नाही. बायोकेमिस्ट्रीच्या एका चाचणीला सीरमचे काही मायक्रोलिटर पुरतात. बाकीचे रक्त दोन-चार दिवस फ्रिजमध्ये राहते आणि मग कचऱ्यात जाते. त्याच बाहेरच्या मापाचे, पण कमी निर्वाताचे आणि म्हणून निम्मेच रक्त ओढणारे बल्ब मिळतात. ते त्याच यंत्रात, त्याच रॅकमध्ये बसतात. कॅनडातील २५ आयसीयूंमध्ये नेहमीचे बल्ब बदलून असे बल्ब वापरले, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. मुख्य विश्लेषणातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. पण सर्व रुग्ण धरून केलेल्या, आधीच ठरवलेल्या दुसऱ्या विश्लेषणात दर १०० रुग्णांमागे रक्ताच्या सुमारे १० पिशव्या कमी लागल्या. रक्त अपुरे पडून तपासणी राहण्याचे प्रमाणही नगण्यच राहिले. ज्या रुग्णालयाला बाकी काहीच बदलायचे नाही, त्याने निदान आयसीयूतले बल्ब बदलावेत. डॉक्टरांच्या मताला कुठेही हात न लावता होणारा एवढा सोपा बदल दुसरा नाही. आर्टेरियल लाइनला फेकून द्यायचे रक्त बंद नळीतूनच परत देणारा संच जोडता येतो, तोही जोडावा.

आता आकड्यांकडे. रिपोर्टवर जी ‘रेफरन्स रेंज’ छापलेली असते, ती निरोगी माणसांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच माणसे प्रत्येक चाचणीत केवळ व्याख्येमुळे ‘ॲबनॉर्मल’ ठरतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा कमी भरेल. मुद्दा तोच राहतो. ठळक आकडा दिसला की तो सोडवत नाही. रिपीट होते, सोनोग्राफी होते, सोनोग्राफीत यकृतावर एक ठिपका दिसतो, ठिपक्यासाठी सीटी होतो. रुग्ण ज्या न्यूमोनियासाठी आला होता तो केव्हाच बरा झालेला असतो.

दुसरी गोष्ट, आकडा हलला म्हणजे रुग्ण हलला असे नव्हे. हिमोग्लोबिन काल ११.६ होते, आज ११.१ आले. एवढा फरक यंत्राच्या आणि शरीराच्या रोजच्या चढउतारात सहज बसतो. त्यात माणूस उभ्याचा आडवा झाला की रक्तातला द्रवाचा भाग वाढून हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन थोडे उतरते. सलाईन सुरू असेल तर आणखी. राउंडवर ‘ड्रॉप आहे’ म्हणताना नाडी, बीपी, शौचाचा रंग आणि मिळालेले सलाईन यांच्याकडे आधी पाहावे.

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत घातक: जितकी सॅम्पल्स जास्त, तितकी बिघडलेली सॅम्पल्सही जास्त. बारीक सुईतून जोरात ओढलेले किंवा सिरिंजमधून दाबून बल्बमध्ये सोडलेले रक्त हिमोलाइज होते (तांबड्या पेशी फुटतात) आणि पोटॅशियम खोटेच वाढते. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवला, वर रुग्णाला मूठ उघड-मीट करायला लावली, तरी वाढते. जांभळ्या बल्बमध्ये जास्त झालेले रक्त प्लेन बल्बमध्ये ओतले, तर ईडीटीए हे पोटॅशियमचेच क्षार असल्यामुळे पोटॅशियम भलतेच वर जाते आणि कॅल्शियम तितकेच खाली येते. ही जोडी एकत्र दिसली की प्रयोगशाळेने ताबडतोब वॉर्डात फोन करावा. सलाईन चालू असलेल्या हातातून, सलाईनच्या वरच्या बाजूने रक्त काढले की सोडियम, साखर, हिमोग्लोबिन सगळेच खोटे. सायट्रेट बल्बमध्ये ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावेच लागते. तो अर्धा भरला तर पीटी लांबलेला येतो. बटरफ्लाय सुई (बारीक नळी जोडलेली) वापरून पहिलाच बल्ब सायट्रेटचा लावला, तर नळीतली हवा आत जाऊन तो हमखास कमी भरतो. म्हणून आधी एक रिकामा बल्ब लावून नळी भरून घ्यावी लागते. आणि साखर टिकवणारे फ्लोराइड नसलेल्या बल्बमध्ये राहिलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरत जाते. यातल्या प्रत्येक चुकीची किंमत रुग्ण मोजतो: एक तर पुन्हा रक्त काढले जाते, नाहीतर खोट्या पोटॅशियमवर ग्लुकोज-इन्शुलिन सुरू होते आणि मध्यरात्री खरीखुरी साखर उतरते.

काही तपासण्या रोज करण्यात अर्थ नाही, कारण त्या मोजतात ती गोष्टच रोज बदलत नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्याशी बांधलेले आहे. तीन महिन्यांच्या आत ते पुन्हा करू नये, आणि रक्त चढवल्यानंतर लगेच तर मुळीच नको. थायरॉक्सिनचा (थायरॉइडच्या संप्रेरकाचा) अर्धायुकाल, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, सात दिवसांचा, म्हणून गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडची तपासणी) सहा आठवड्यांनी. शिवाय गंभीर आजारात, स्टेरॉइडवर किंवा डोपामिनवर असताना टीएसएच स्वतःहूनच खाली जाते. थायरॉइडची ठोस शंका नसेल तर ती तपासणी रुग्ण घरी गेल्यावर करावी. अल्ब्युमिनचा अर्धायुकाल सुमारे २० दिवस. दाहात ते उतरतेच, त्यामुळे रोजच्या अल्ब्युमिनवरून आहार पुरतो की नाही हे ठरवणे व्यर्थ आहे. सीआरपीचा अर्धायुकाल १९ तास. दिवसातून दोनदा करून काही कळत नाही, आणि रुग्ण डोळ्यांदेखत सुधारत असताना तो रोज करूनही फारसे कळत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सने कोणती तपासणी किमान किती अंतराने पुन्हा करावी याची मोठी यादीच काढली आहे. ती जशीच्या तशी उचलायची गरज नाही. पण आपल्या रुग्णालयातल्या सर्वाधिक होणाऱ्या पंधरा-वीस तपासण्यांपुरती अशी यादी तयार करायला एक दुपार पुरते.

काही तपासण्या जोडीने येतात आणि त्यातली एक रिकामी असते. ट्रोपोनिन होत असताना सीके-एमबी (दोन्ही हृदयाच्या इजेसाठी). लायपेज असताना अमायलेज (दोन्ही स्वादुपिंडासाठी). सीआरपी असताना ईएसआर (दोन्ही दाहासाठी). रक्तस्रावाचा पूर्वेतिहास नाही, यकृताचा आजार नाही, रक्त पातळ करणारे औषध नाही, आणि तरी शस्त्रक्रियेपूर्वी पीटी व एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या.

काही तपासण्या चुकीच्या रुग्णावर केल्या जातात, हा प्रकार जास्त त्रासदायक. डी-डायमर बाहेरून आलेल्या, कमी शंका असलेल्या रुग्णात रक्ताची गुठळी नाही असे सांगायला उपयोगी आहे. वॉर्डात मात्र शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, कर्करोग, गर्भारपण अशा कशानेही ते वाढलेलेच असते. जलोदर असलेल्या रुग्णाचे सीए-१२५ सिरोसिस, क्षय, हृदयाची दुर्बलता यांपैकी कशामुळेही वाढते, कावीळ अडथळ्याची असेल तर सीए १९-९ वाढते. हे कर्करोगाचे मार्कर (रक्तातल्या खुणा) ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून केले की घरच्यांना कर्करोगाच्या धास्तीत लोटले जाते. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) १:४० या पातळीला सुमारे ३० टक्के निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते, १:१६० ला सुमारे ५ टक्के. लघवीच्या कल्चरबद्दल (जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीबद्दल) तर वेगळे पत्र लिहावे लागेल. कॅथेटर असलेल्या रुग्णांत दिवसाला ३ ते ८ टक्क्यांच्या दराने लघवीत जिवाणू येत जातात; महिन्याभरात जवळपास सगळ्यांच्याच येतात. ताप नाही, लक्षण नाही, आणि ‘लघवी गढूळ दिसते’ म्हणून कल्चर पाठवले, तर ते पॉझिटिव्ह येणार आणि ॲन्टिबायोटिक सुरू होणार. गर्भवती स्त्री आणि मूत्रमार्गाला इजा होईल अशी शस्त्रक्रिया ठरलेला रुग्ण, हे मुख्य अपवाद सोडले तर लक्षणांशिवाय ते कल्चर पाठवूच नये.

रक्ताच्या कल्चरमध्ये उलटीच चूक होते. तिथे लोक हात आखडतात. प्रौढाच्या प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवे आणि वेगवेगळ्या जागी टोचून निदान दोन संच हवेत. एकाच बाटलीत ३ मिली रक्त घातले तर जिवाणू हुकतो, आणि त्या एकट्या बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस वाढला तर तो खरा की हाताळणीतून आलेला, हे कोणालाच सांगता येत नाही. सीबीसी वाचवा आणि ते रक्त इथे खर्च करा, असे आम्ही वॉर्डात सांगतो.

हे सगळे डॉक्टरांना माहीत नसते असे नाही. अमेरिकेतील सोसायटी ऑफ हॉस्पिटल मेडिसिनने २०१३ सालीच सांगितले की रुग्ण आणि रिपोर्ट दोन्ही स्थिर असताना सीबीसी आणि बायोकेमिस्ट्री पुन्हा पुन्हा करू नका. २०१४ साली क्रिटिकल केअरच्या संघटनांनी मिळून सांगितले की तपासण्या ठराविक अंतराने न करता विशिष्ट प्रश्नासाठी करा. तरी सवय टिकते, याला कारणे आहेत. ऑर्डर रात्री लिहिली जाते आणि ती लिहिणारा सर्वांत कनिष्ठ असतो. सकाळी राउंडवर साहेब ‘सोडियम किती?’ विचारतील आणि आपल्याकडे आकडा नसेल, ही त्याची भीती. सोडियम का केले, असे मात्र त्याला कोणी विचारत नाही. न केलेल्या तपासणीबद्दल बोलणी बसतात. केलेल्या निरर्थक तपासणीबद्दल कधीच नाही. मग तो सगळ्यांपुढे ‘डेली’ लिहितो, आणि त्याच्या जागी कोणीही असता तरी तेच करता. ‘उद्या केस झाली तर?’ हा युक्तिवादही ऐकू येतो. पण मागवलेला आणि कोणी न पाहिलेला ॲबनॉर्मल रिपोर्ट हा न मागवलेल्या रिपोर्टपेक्षा कितीतरी अवघड पुरावा असतो, आणि ढीगभर रिपोर्टांत असा एखादा हमखास सापडतो.

म्हणून सुरुवात ऑर्डरच्या फॉर्मपासून करावी. कागदी असो वा संगणकावरचा, त्यातून ‘दररोज’ हा पर्यायच काढून टाकावा. एका ऑर्डरची मुदत २४ तास. फार तर ४८. पुढची हवी असेल तर पुन्हा लिहावी लागेल, आणि शेजारी दोन-चार शब्दांत कारण: ‘लॅसिक्स सुरू, पोटॅशियम’, ‘काल काळे शौच, एचबी’. कारणाचा रकाना लहान ठेवावा. निबंध मागितला की लोक ‘रुटीन’ लिहून मोकळे होतात. दुसरे, प्रोफाइल (एकत्र बांधलेल्या तपासण्यांचे गठ्ठे) फोडावेत. मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचे असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुरते. केएफटीच्या चौकटीत बरोबर येणारे युरिक ॲसिड, कॅल्शियम, फॉस्फरस रोज कशाला? कावीळ उतरते का पाहायला बिलिरुबिन पुरते, पूर्ण एलएफटी नको. दाखल करतानाची बेसलाइन एकदा पूर्ण होऊ द्या, त्यावर आमचा आक्षेप नाही.

तिसरे, उद्याच्या तपासण्या आज दुपारी, वरिष्ठ हजर असताना ठरवाव्यात. प्रत्येक रुग्णापाशी अर्धे मिनिट: उद्या काय करायचे, आणि आकडा वर गेला किंवा खाली आला तर आपण काय वेगळे करणार? दोन्हींचे उत्तर ‘काही नाही’ असेल तर ती तपासणी गळाली. ही सवय लागली की रात्रीच्या रेसिडेंटचे (निवासी डॉक्टरचे) ओझे उतरते, कारण ‘नको’ हा निर्णय त्याचा राहत नाही. चौथे, सिस्टरांना यात हक्काने सामील करावे. कारण न लिहिलेली ऑर्डर दिसली की रक्त काढण्याआधी विचारण्याची मुभा त्यांना लेखी असावी. सकाळी सीबीसी, अकराला कॅल्शियम, दुपारी मॅग्नेशियम असे तीनदा टोचण्याऐवजी एकदाच काढावे. त्याहून बरे, सकाळच्याच सॅम्पलवर वाढीव तपासणी लावावी. वेळेत वेगळ्या केलेल्या आणि २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवलेल्या सीरममध्ये क्रिएटिनिन, बिलिरुबिन, सीआरपी काही दिवस टिकतात. ईडीटीएतली सीबीसी त्याच दिवसापुरती भरवशाची. पोटॅशियमच्या बाबतीत मात्र हा आळस नको, पेशींवर उभ्या राहिलेल्या रक्तात ते वाढते. पहाटे पाचचे टोचणे शक्य असेल तिथे सकाळी सातवर न्यावे. वृद्ध रुग्णांची झोपमोड आणि त्यातून येणारा गोंधळलेपणा हा काही किरकोळ प्रश्न नाही.

प्रयोगशाळेच्या बाजूने एकच पण मोठे काम आहे. ठरलेल्या अंतराच्या आत तीच तपासणी आली की मागचा आकडा आणि तारीख दाखवून ‘तरीही हवी का?’ असे विचारावे. हवी म्हटले की विनातक्रार करून द्यावी. पूर्ण अडवणूक करण्याचा मोह टाळावा. तपासणी अडवली की ‘अर्जंट’च्या चिठ्ठ्या वाढतात, अर्जंटच्या गर्दीत खरी अर्जंट मागे पडते. आयसीयू, अपघात विभाग आणि प्रसूतिकक्ष यांना सुरुवातीला या नियमातून वगळावे.

मोजमापाशिवाय यातले काही टिकणार नाही. दर १०० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्ण-दिवस) किती सीबीसी आणि किती इलेक्ट्रोलाइट्स झाल्या, हे बदलापूर्वी निदान महिनाभर मोजावे आणि नंतर दर महिन्याला युनिटनिहाय लावावे. नुसती एकूण संख्या मोजली तर गर्दीच्या महिन्यात वाढ आणि सुट्टीत घट दिसते, दोन्ही खोटी. सोबत उलट बाजूही मोजावी: रात्री अचानक आलेल्या धोकादायक पातळीच्या पोटॅशियमचे रुग्ण, वॉर्डातून आयसीयूत हलवलेले, महिन्याच्या आत परत दाखल झालेले. हे आकडे वाढले तर आपण चुकीच्या ठिकाणी कापतो आहोत. पोस्टर आणि व्याख्यानांवर भिस्त ठेवू नये. त्यांनी आलेली घट रेसिडेंटांची नवी तुकडी रुजू झाली की संपते. फॉर्म बदलला असेल तर नवी तुकडी तोच फॉर्म भरते.

आणि कुठे कापायचे नाही, हे तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेवावे. डायबेटिक किटोॲसिडोसिसमध्ये (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होण्याच्या गंभीर अवस्थेत) तासाला साखर आणि दर दोन ते चार तासांनी पोटॅशियम लागते. खूप खाली गेलेले सोडियम वर आणताना २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढू नये म्हणून ते दर काही तासांनी पाहावे लागते. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) इन्फ्युजनवर डोस बदलल्यानंतर सहा तासांनी एपीटीटी, हेपरिन सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट्स. छातीत दुखत असताना ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने पुन्हा करायलाच हवे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला आहार सुरू करताना फॉस्फेट रोज. डेंग्यूच्या नाजूक टप्प्यात हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा) काही तासांनी. तिथे नुसत्या प्लेटलेट्सकडे डोळे लावून बसणे ही वेगळीच चूक. सुरू असलेला रक्तस्राव, झपाट्याने बिघडणारे मूत्रपिंड, व्हॅन्कोमायसिन किंवा अमायनोग्लायकोसाइड (मूत्रपिंडाला इजा करू शकणारी ॲन्टिबायोटिक्स) यांचाही यात समावेश आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, पंधरा वर्षांच्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात सुमारे २१ टक्के तपासण्या अनावश्यक आढळल्या. त्याच आढाव्यात करायला हव्या होत्या पण केल्या नाहीत अशांचे प्रमाण सुमारे ४५ टक्के निघाले. दोन्ही चुका एकाच वॉर्डात, कधी एकाच रुग्णावर होतात: सीआरपी रोज, आणि जेंटामायसिनवर (तेही अमायनोग्लायकोसाइडच) चार दिवस क्रिएटिनिन नाही.

नातेवाइकांनाही यात जागा आहे. ‘आजच्या रिपोर्टवरून काय ठरणार आहे?’ हा प्रश्न नम्रपणे विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर त्याने दुखावत नाही. उलट ‘काल रक्त तपासलं नाही, लक्ष देत नाहीत’ अशी तक्रार मात्र करू नये, तिच्या भीतीनेही बल्ब भरले जातात. डिस्चार्जच्या सकाळी ‘जाता जाता’ म्हणून घेतलेल्या सॅम्पलबद्दल तर जरूर विचारावे. त्याचा रिपोर्ट रुग्ण घरी पोचल्यावर येतो. तो कोण पाहणार आणि काही आढळले तर रुग्णाला कोण कळवणार, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. लिहून देता येत नसेल तर ते सॅम्पल घेऊ नये.

आपले,
एक पॅथॉलॉजिस्ट, एक फिजिशियन आणि एक परिसेविका